लाकडी मासोळी आणि मिशाळ मासा

सन १६७३ च्या जून महिन्यातील गोष्ट. भूर्जसालीच्या दोन होड्यांतून सात माणसे मिसिसिपी नदीच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे चालली होती. जवळ शिधा म्हणजे थोडा मका आणि धुरावलेले मांस. त्या सातांत एक होते येशूसंघीय धर्मगुरू फादर जाक मार्केत. नुकतीच त्यांना छत्तीस वर्षे पूर्ण झाली होती. दुसरे होते त्यांचे सोबती लुई जोलिए. उरलेले पाच वल्हेकरी. वाटेत भेटलेल्या आदिवासींनी त्यांना परोपरीने बजावले होते, की या नदीत अक्राळविक्राळ प्राणी राहतात आणि ते माणसांसह होडी गिळून टाकतात. फादरांनी ते बोलणे फारसे मनावर घेतले नाही. परंतु एके दिवशी एका प्रचंड माशाने त्यांच्या होडीला अशी धडक दिली, की मोठा ओंडकाच आदळला आणि आता होडीचे तुकडे होणार, असे त्यांना वाटले. हा प्रसंग त्यांनी आपल्या प्रवासवृत्तात नमूद करून ठेवला आहे. तो मासा बहुधा कॅटफिश असावा, असे अभ्यासक मानतात.

या घटनेला आता साडेतीनशे वर्षे उलटून गेली. त्याच मिसिसिपीच्या खोऱ्यात आज मोठमोठी सरोवरे आहेत आणि उन्हाळ्याच्या सकाळी त्यांवर तीन-चार मित्रांनी भरलेल्या होड्या संथ गतीने फिरताना दिसतात. होडीच्या मागे आठ-दहा काठ्यांची दोरी पाण्यात सोडलेली असते आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला वीतभरही लांब नसलेली एक खोटी मासोळी थरथरत ओढली जात असते. तिला तिकडे ‘क्रँकबेट’ म्हणतात आणि अशा शिकारीला ‘ट्रोलिंग’. या खोट्या मासोळीला जो मासा लागावा अशी त्या मित्रांची इच्छा असते, तो फादर मार्केत यांच्या होडीला धडकलेल्या माशाचाच वंशज.

परदेशी स्थायिक झालेल्या आप्तेष्टांकडून अशा सहलींची छायाचित्रे आता आपल्याही घरी येऊ लागली आहेत. ती पाहताना आम्हांस वाटले, की या करमणुकीमागे एक इतिहास आहे आणि तो जाणून घेण्याजोगा आहे. त्या इतिहासात एक तिरस्कृत मासा आहे, एक गरीब कोळी आहे आणि पाण्याखाली गेलेले एक गाव आहे.

प्रथम एक खुलासा केलेला बरा. उत्तन, पाचूबंदर, नायगाव या आपल्या किनाऱ्यावरील वाचकांना ‘ट्रॉलर’ हा शब्द चांगलाच परिचित आहे. समुद्राचा तळ खरवडीत जाणारे ते भले मोठे जाळे आणि त्यामुळे लहान होडीवाल्यांची झालेली हलाखी येथे कोणाला सांगावयास नको. आपण ज्याविषयी बोलत आहोत ते ट्रोलिंग निराळे. त्यात जाळे नसते. चालत्या होडीमागून गळ ओढीत न्यायचा, एवढाच त्याचा अर्थ.

खवले नसलेला मासा

कॅटफिश हे नाव त्याला मांजरासारख्या मिशांमुळे मिळाले. आपल्याकडील खाऱ्या पाण्यातला शिंगाळा आणि गोड्या पाण्यातला मागूर हे त्याच गणातले. शिंगाळ्याचा काटा हाताला लागला म्हणजे काय वेदना होतात, हे आपल्या कोळणी जाणतात. अमेरिकेतल्या त्याच्या भावंडांनाही पाठीवर आणि कल्ल्यांपाशी तसेच काटे असतात. त्यांच्यात तीन जाती प्रमुख आहेत: चॅनेल, ब्लू आणि फ्लॅटहेड. ब्लू जातीचा गळाने धरलेला सर्वांत मोठा नोंदला गेलेला मासा १४३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ६५ किलोंचा होता. तो २०११ साली व्हर्जिनिया राज्यातील कर सरोवरात मिळाला. फादर मार्केत घाबरले यात नवल नाही.

या माशाच्या अंगावर खवले नसतात, आणि यामुळेच पवित्र शास्त्राच्या वाचकाला तो अपरिचित राहत नाही. लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात पाण्यातील ज्या प्राण्यांना पर व खवले आहेत तेच खावेत, बाकीचे निषिद्ध मानावेत, असा नियम घालून दिलेला आहे. गालील सरोवरात मिशाळ मासा पूर्वीपासून आहे. पहिल्या शतकातील इतिहासकार योसेफस याने कफर्णहूमजवळच्या झऱ्यातील एका माशाचा उल्लेख केला आहे. तसाच मासा मिसर देशातही सापडतो, म्हणून हा झरा नाईल नदीचाच फाटा असावा, असे काही लोक समजत, असे तो म्हणतो. तो मासा म्हणजे हाच मिशाळ मासा, असे अनेक विद्वानांचे मत आहे. तेव्हा संत पेत्र व त्यांचे भागीदार रात्रभर जाळी टाकून पहाटे किनाऱ्यावर येत, तेव्हा त्यांना मासे निवडावे लागत. खवल्यांचे टोपलीत आणि बिनखवल्यांचे बाहेर. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूने स्वर्गाच्या राज्याला जाळ्याची उपमा दिली आहे. किनाऱ्यावर बसून चांगले मासे भांड्यांत भरणाऱ्या आणि वाईट फेकून देणाऱ्या कोळ्यांचे ते चित्र ऐकणाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते. फेकून दिलेल्यांत मिशाळ मासा असणारच.

अमेरिकेत धर्मनियमाचा अडसर नव्हता, तरीही या माशाच्या कपाळी तिरस्कार लिहिलेलाच होता. स्वच्छ, थंड पाण्यातला ट्राउट मासा हा सभ्य गृहस्थाचा मासा. कॅटफिश मात्र गढूळ पाण्यातला, तळ चाटणारा, घाण खाणारा आणि म्हणून गरिबाचा. दक्षिणेकडील राज्यांत शेतमजुरांच्या घरी, कृष्णवर्णीयांच्या आणि गोऱ्या गरिबांच्याही घरी, तो मक्याच्या पिठात घोळवून तळला जाई. त्याला धरण्याची रीतही त्याच्या लौकिकाला साजेशी होती. कोंबडीचे काळीज, साकळलेले रक्त, उग्र वासाचे चीज असे काही गळाला लावायचे, गळ तळाशी सोडायचा आणि वाट पाहत बसायचे. हा मासा फक्त वासावर जगतो, धावून शिकार करत नाही आणि लाकडाच्या खोट्या मासोळीला तर तो तोंडही लावणार नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती.

ही समजूत अर्धवट होती. कॅटफिशला वासाचे व चवीचे ज्ञान विलक्षण असते, हे खरेच. चव ओळखणारे कण त्याच्या केवळ जिभेवर नसून मिशांवर आणि सर्वांगाच्या कातडीवर पसरलेले असतात. परंतु त्याच्या वाताशयापासून कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी असते. तिच्यामुळे पाण्यातील सूक्ष्म आवाज त्याला ऐकू येतो. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंनी असलेल्या संवेदनरेषेमुळे जवळून जाणाऱ्या माशाची थरथर त्याला काळोखातही जाणवते. ब्लू कॅटफिश तर पाण्याच्या मधल्या थरात फिरणाऱ्या शॅड नावाच्या चंदेरी मासोळ्यांच्या थव्यांमागे धावतो. जो तळाशी लोळतो असे सर्वजण म्हणत होते, तो वर येऊन शिकार करत होता. कोणी पाहिले नव्हते इतकेच.

चिखल नावाचा माणूस

आता त्या खोट्या मासोळीकडे वळू. तिच्या अमेरिकन इतिहासाची सुरुवात एका मित्राची वाट पाहण्यातून झाली, अशी आख्यायिका आहे. मिशिगन राज्यातील डोवाजॅक गावी जेम्स हेडन नावाचे गृहस्थ राहत. मधमाश्या पाळण्याच्या शास्त्रात त्यांचे मोठे नाव होते आणि त्या विषयावर त्यांनी १८८५ साली ग्रंथही प्रसिद्ध केला होता. पुढच्या दशकात एके दिवशी गिरणीच्या तळ्याकाठी ते मासेमारीसाठी येणाऱ्या मित्राची वाट पाहत बसले होते. मित्राला उशीर झाला. वेळ घालविण्यासाठी ते चाकूने एक लाकडाचा तुकडा तासत होते. मित्र आल्यावर तो तुकडा त्यांनी पाण्यात भिरकावला आणि एका माशाने त्यावर झडप घातली. या कथेत पदरचे किती आणि घडलेले किती हे सांगता येत नसले, तरी हेडन यांनी लाकडाचे बेडूक कोरले आणि १९०२ साली मुलासह लाकडी आमिषांचा कारखाना काढला, हे इतिहासाला धरून आहे.

तथापि या कलेचा खरा आचार्य अमेरिकेत जन्मला नाही. तो जन्मला फिनलंडमध्ये, १९०५ साली, अतिशय गरीब घरात. त्याचे नाव लौरी. तो सात वर्षांचा असताना आई त्याला घेऊन असिक्काला या गावी आली. तेथील ल्युथरन धर्मगुरूंना तिचे आडनाव काही केल्या आठवेना. तेव्हा ती ज्या वाडीतून आली होती त्या वाडीचे नाव त्यांनी चर्चच्या वहीत लिहून टाकले: रापाला. त्या शब्दाचा अर्थ चिखल असा सांगतात. आपल्या कित्येक घराण्यांची आडनावेही कोणे एके काळी बाप्तिस्म्याच्या वहीतच लिहिली गेली आणि कायमची चिकटली, याची वाचकांना येथे आठवण होईल.

हे ‘चिखल’ आडनाव घेऊन लौरी मोठा झाला, मजुरी करू लागला आणि पैयॅने नावाच्या विस्तीर्ण सरोवरावर मासेमारी करू लागला. हजार-हजार गळांच्या लांब दोरीला जिवंत मासोळ्या लावायच्या, ती पाण्यात सोडायची, काढायची, पुन्हा आमिष लावायचे. घरी खाणारी तोंडे वाढत होती आणि आमिष लावण्यातच दिवस सरत होता. होडी वल्हवता वल्हवता तो पाण्यात पाहत असे. त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. मोठा मासा थव्यावर येतो, तेव्हा शेकडो मासोळ्यांतून तो नेमकी एकच निवडतो. जी किंचित लंगडत पोहते, जिची चाल इतरांहून वेगळी पडते, ती जखमी मासोळी त्याला हवी असते.

१९३६ साली लौरीने बुचाच्या लाकडाची एक मासोळी कोरली. हत्यार म्हणजे चांभाराचा चाकू आणि पॉलिश कागद. चकाकी यावी म्हणून तिच्यावर चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद लावला. लाखेसाठी पैसे नव्हते, म्हणून छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. मग ती दोरीला बांधून होडीमागे सोडली आणि तो वल्हवू लागला. मासोळी लंगडत चालली. त्याला हवी होती नेमकी तशीच.

येथे थोडे थांबून हे ध्यानात घ्यावे, की होडीमागून खोटी मासोळी ओढीत नेण्याची ही रीत लौरीने हौसेखातर धरली नव्हती. दोन्ही हात वल्ह्यांवर गुंतलेल्या, एकट्याने कुटुंब पोसणाऱ्या माणसाची ती गरज होती. आज जी सुट्टीच्या दिवसाची करमणूक आहे, तिचा हा जन्म पोटासाठी झाला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. लौरीची मासोळी हळूहळू फिनलंडबाहेर गेली. १९५९ साली मिनियापोलिस येथील रॉन वेबर आणि रे ऑस्ट्रम या दोघा व्यावसायिकांनी ती अमेरिकेत आणण्यास आरंभ केला. १९६२ च्या ऑगस्टमध्ये ‘लाईफ’ या साप्ताहिकात तिच्यावर लेख आला. योगायोग असा, की त्याच महिन्यात अभिनेत्री मॅरिलिन मन्‍रो हिचे निधन झाले होते आणि त्या अंकाच्या मुखपृष्ठावर तिचे चित्र होते. तो अंक घरोघरी पोहोचला. मागणीचा असा पूर लोटला, की काही दुकानदार ती मासोळी विकण्याऐवजी दिवसाच्या बोलीने भाड्याने देऊ लागले. लौरी १९७४ साली वारला. ‘चिखल’ हे नाव तोवर जगभर गेले होते.

क्रँकबेटचा आजचा गुबगुबीत आकार मात्र टेनेसी राज्यात घडला. तेथे फ्रेड यंग यांनी बाल्सा या हलक्या लाकडातून पोटाळ मासोळ्या हाताने कोरल्या. आर्कान्सॉ राज्यातील कॉटन कॉर्डेल यांनी १९७० नंतरच्या दशकात त्याच आकाराच्या प्लास्टिकच्या मासोळ्या काढल्या आणि त्या कोणालाही परवडू लागल्या. पोकळ पोटात बारीक गोळ्या घातल्या की मासोळी चालताना खुळखुळते. गढूळ पाण्यात दिसत नसलेली वस्तू आता ऐकू येऊ लागली. तीक्ष्ण कानांच्या मिशाळ माशासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

पाण्याखालचे गाव

मासा आणि मासोळी यांची गाठ पडण्यासाठी सरोवर हवे. मिसिसिपी राज्याच्या उत्तर भागात सार्डिस, आर्काबुटला, ईनिड आणि ग्रेनेडा अशी चार सरोवरे आहेत. सार्डिस हे नाव ऐकताच प्रकटीकरणाच्या पुस्तकातील सात मंडळ्यांपैकी सार्दीसची आठवण व्हावी. ही चारही सरोवरे निसर्गाने दिलेली नाहीत. ती एका आपत्तीतून निर्माण झाली.

१९२७ च्या वसंत ऋतूत मिसिसिपी नदीला महापूर आला. २१ एप्रिल रोजी ग्रीनव्हिल शहराच्या उत्तरेस नदीचा बांध फुटला. त्या वर्षी एकंदर सुमारे २७ हजार चौरस मैल भूमी पाण्याखाली गेली आणि सहा लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. ग्रीनव्हिलच्या बाजूस कापसाच्या मळ्यांवर राबणारी हजारो कृष्णवर्णीय माणसे उंच बांधावर अडकून पडली. त्यांना तेथून हलवावे, तर मळ्यांना मजूर परत मिळणार नाहीत, अशी भीती जमीनदारांना वाटली. म्हणून त्यांना बांधावरच्या छावण्यांत ठेवण्यात आले आणि बंदुकांच्या पहाऱ्यात त्यांच्याकडून काम करवून घेण्यात आले. त्या पुराच्या इतिहासातील हे सर्वांत काळे पान आहे.

असे पुन्हा होऊ नये म्हणून पूरनियंत्रणाचे कायदे झाले आणि याझू नदीच्या खोऱ्यात धरणे बांधण्यात आली. सार्डिसचे धरण १९४० साली पूर्ण झाले, आर्काबुटलाचे १९४३ मध्ये, ईनिडचे १९५२ मध्ये आणि ग्रेनेडाचे १९५४ मध्ये. खालच्या खोऱ्यातील शेतांना व गावांना त्यांनी अभय दिले. परंतु वरच्या अंगाच्या काहींना त्यासाठी घरदार सोडावे लागले. आर्काबुटलाच्या पाण्यासाठी कोल्डवॉटर हे भरवस्तीचे गाव १९४२ साली उठवून दक्षिणेकडे सुमारे मैलभर अंतरावर नेण्यात आले. पावसाळी पाण्याला जागा व्हावी म्हणून दर वर्षी शरद ऋतूत या सरोवरांची पातळी खाली आणतात. पाणी पुरेसे उतरले की जुन्या कोल्डवॉटरचे रस्ते आणि घरांचे चौथरे उघडे पडतात. ज्या ठिकाणी उन्हाळ्यात मासा लागतो, त्या ठिकाणी कोणाचे अंगण होते.

धरणाच्या पाण्यात आपली गावे गेलेली माणसे महाराष्ट्रातही पुष्कळ आहेत. त्यांना यावर अधिक काही सांगण्याची गरज नाही.

या नव्या सरोवरांत शॅड मासोळ्यांचे थवे वाढले आणि त्यांच्यामागे मोठे मासे आले. ईनिड सरोवराजवळ १९५७ साली मिळालेला सव्वापाच पौंडांच्या आतबाहेरचा पांढरा क्रॅपी मासा त्या जातीचा विक्रम ठरला. कॅटफिशच्या बाबतीत तर एक विलक्षण गोष्ट दिसते. चॅनेल जातीचा ५८ पौंडांचा मासा १९६४ साली दक्षिण कॅरोलिनातील सँटी-कूपर जलाशयात, फ्लॅटहेड जातीचा १२३ पौंडांचा मासा १९९८ साली कॅन्सस राज्यातील एल्क सिटी जलाशयात आणि वर सांगितलेला ब्लू जातीचा मासा कर सरोवरात असे तिन्ही विक्रम माणसाने अडविलेल्या पाण्यातच झाले. त्यांपैकी एल्क सिटीचा मासा तर क्रॅपीसाठी टाकलेल्या गळाला लागला होता.

क्रँकबेट ओढून कॅटफिश धरण्याची रीतही अशीच अवचित हाती आली. क्रॅपी किंवा वॉलाय हे मासे मिळावेत म्हणून मंडळी खोट्या मासोळ्या ओढीत असत आणि अधूनमधून काठी अशी वाकत असे, की पाण्याखाली झाडाचे खोडच अडकले असावे. ओढून पाहावे तो कॅटफिश. एकदा झाले, दहादा झाले. तेव्हा काहींनी विचार केला, की ज्याला आपण अपघात म्हणतो तो या माशाचा स्वभावच नसेल कशावरून?

होडीतील श्रमविभाग

आता प्रत्यक्ष सरोवरावर काय चालते ते पाहू. उन्हाळ्यात खोल जलाशयाचे पाणी थरांत विभागले जाते. वर ऊन पाणी, खाली गार पाणी. खालच्या थरात प्राणवायू कमी होत जातो आणि मासे तेथे राहू शकत नाहीत. तळाचा म्हणून हिणवलेला कॅटफिश अशा वेळी तळ सोडून मधल्या थरात येतो. तळाशी सोडलेला काळजाचा गळ तेथे रिकामाच राहतो. माशाच्या खोलीवरून जाणारे आमिष हवे आणि पुष्कळ पाणी धुंडाळता आले पाहिजे. ट्रोलिंगचे सारे मर्म यात आहे.

क्रँकबेटच्या तोंडाशी एक पारदर्शक ओठ असतो. होडी पुढे चालली की पाण्याचा दाब त्या ओठावर पडतो आणि मासोळी खाली बुडी मारून डावी-उजवीकडे डुलू लागते. ओठ लांब आणि आडवा असेल, तर ती खोल जाते. उभा आणि आखूड असेल, तर वर राहते. मागे सोडलेली दोरी जितकी लांब आणि जितकी बारीक, तितकी ती अधिक खोल उतरते, अर्थात काही मर्यादेपर्यंत. होडीचा वेग ताशी दीड ते दोन मैल, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाइतकाच. होडी वळली की वळणाच्या आतल्या बाजूची मासोळी मंदावते आणि थोडी वर येते. बाहेरच्या बाजूची वेग घेते. वळणावर मासा कोणत्या बाजूला लागला, यावरून जाणते लोक वेग कमी करावा की वाढवावा ते ठरवितात.

हे सारे एकट्याने जमण्यासारखे नाही, निदान सुखाने जमण्यासारखे नाही. एकाने सुकाणू धरायचे आणि वेग राखायचा. दुसऱ्याने काठ्यांवर नजर ठेवायची. काठी वाकली की ज्याची पाळी त्याने ती उचलायची, आणि गुंता होऊ नये म्हणून इतरांनी आपापल्या दोऱ्या झटपट गुंडाळायच्या. कॅटफिश पाण्याबाहेर उड्या मारीत नाही. तो खाली दडी मारतो, मान हलवितो आणि जड ओढ घेत राहतो. तो वर येईपर्यंत कोणी तरी हातजाळे घेऊन काठावर वाकलेला असतो. जाळे धरणाऱ्याची घाई झाली, तर मासा सुटतो आणि दोष मात्र साऱ्या होडीला लागतो. मासा कोणाच्या काठीला लागला हे संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षातही राहत नाही. जाणते लोक फार मोठे, जुने मासे पाण्यात परत सोडतात, कारण तेवढे मोठे होण्यास त्यांना वर्षानुवर्षे लागलेली असतात. मध्यम आकाराचे घरी जातात.

तिरस्कृत माशाचे दिवसही पालटले. १९६० नंतरच्या दशकापासून मिसिसिपी राज्यात त्याची शेततळ्यांत पैदास होऊ लागली आणि १९८७ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी २५ जून हा कॅटफिश दिन म्हणून जाहीर केला. अमेरिकेतील अनेक धर्मग्रामांत उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून चर्चच्या सभागृहात तळलेल्या माशांची पंगत बसते. दक्षिणेकडे त्या पंगतीत मक्याच्या पिठात घोळवलेला कॅटफिश असतो. लेवीय पुस्तकाने बाजूस सारलेला मासा आता प्रायश्चित्ताच्या दिवशी भक्तांच्या ताटात मानाने येतो.

उपसंहार

या लहानशा इतिहासातून आम्हांस जे जाणवले ते एवढेच, की तळाशी असलेल्याविषयी वरून केलेले निदान बहुधा चुकते. कॅटफिश आळशी आहे, घाण खातो, शिकार करत नाही, असे सांगणाऱ्यांनी त्याला त्याच्या पाण्यात पाहिलेच नव्हते. चिखल हे आडनाव लाभलेल्या कोळ्याने मात्र पाहिले. त्याला वेळ होता म्हणून नव्हे, त्याला पोट होते म्हणून. बांधावर बंदुकीच्या धाकात राबणाऱ्या मजुरांनी आणि घर सोडून मैलभर दूर गेलेल्या कोल्डवॉटरच्या कुटुंबांनी जी किंमत मोजली, तिच्यातूनच हे शांत पाणी आज आहे. त्यावर मित्रांसमवेत एक सकाळ घालवण्यात काही गैर नाही. पायाखाली काय आहे याची आठवण मात्र असावी.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात पेत्र आपण मासे धरावयास जात असल्याचे सांगतो आणि इतरही त्याच्याबरोबर निघतात. मोजून पाहिले तर ते सात जण भरतात. फादर मार्केत यांच्या दोन होड्यांतही सातच जण होते. पेत्राच्या सोबत्यांना रात्रभर काही मिळाले नाही, तरी कोणी होडी सोडून गेला नाही. पहाटे किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव पेटलेला होता, त्यावर मासळी होती आणि भाकर होती. ज्याने ती न्याहारी मांडली, तो त्यांची वाट पाहत उभा होता.